फूफाजींचं रविवारचं प्रॅक्टिकल

आमच्या फूफाजींच्या मते पृथ्वी निर्माण झाल्यापासून आजतागायत या जगात फक्त दोनच गोष्टी घडत आल्या आहेत. एक भौतिक बदल आणि दुसरा रासायनिक बदल. सरकारं आली, गेली, इंदूरच्या चौकाचौकांत पूल उभे राहिले, माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरलं, पण फूफाजींनी तिसरा खण कशासाठीही उघडला नाही. फूफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तिकडे महाराष्ट्रात या नात्याला आतोबा म्हणतात असं ऐकून आहे, पण आम्ही इंदूरची मुलं पहिल्यापासून फूफाजीच म्हणत आलो आणि त्यांचीही कधी तक्रार नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी पाचवी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं. बाकीचे मास्तर निवृत्त होताना आपला विषय शाळेतच ठेवून घरी येतात. फूफाजी मात्र सगळ्या पुस्तकातला हा एकच धडा बगलेत मारून राजेंद्र नगरच्या घरी आले आणि उरलेल्या आयुष्याला लावत बसले.

त्यांची कसोटी सोपी होती. मूळ पदार्थ परत मिळतो का? मिळत असेल तर भौतिक, नसेल तर रासायनिक. बर्फ वितळला, भौतिक. कागद जळला, रासायनिक. इथपर्यंत कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या भावाच्या लग्नात बुद्धवंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून फूफाजींच्या हातात माईक दिला गेला, तेव्हा त्यांनी समोरच्या मेणबत्तीकडे बोट दाखवून मेण वितळतं ते काय आणि वात जळते ते काय, इथपासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी ते विवाहापर्यंत पोहोचले. "विवाह हा रासायनिक बदल आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "उष्णता बाहेर पडते, आणि मूळ पदार्थ परत मिळत नाहीत." मांडवात हशा पिकला. वहिनीचे वडील तेवढे हसले नाहीत, आणि त्यांनी पुढे बरीच वर्षं फूफाजींशी "जय भीम"पलीकडे संभाषण वाढवलं नाही.

हा माणूस घराबाहेर पडला की धोका जास्त. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याशी त्यांचा एक जुना वाद होता. पोहे हा तांदळाचा भौतिक बदल आहे, कारण त्याला फक्त चपटं केलं आहे, हे त्या बिचाऱ्याने मान्य करावं अशी फूफाजींची इच्छा होती. "चपटा ही तो किया ना भिया, बदला तो नहीं!" हे ते दर रविवारी सकाळी बजावायचे. मागे रांग वाढत असायची. पोहेवाला हातात शेवेची मूठ धरून म्हणायचा, "सरजी, जिरावण डालूँ कि नहीं, पहले ये बताओ." मग फूफाजी जिरावण हे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यांचं मिश्रण कसं आहे, आणि धीर असेल तर पोह्यांतून शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण हे सगळं परत वेगळं काढता येतं, यावर यायचे. एकदा त्यांनी ते खरंच काढून दाखवलं. द्रोणाच्या कडेला चार ढीग लावले. तोवर पोहे गार झाले आणि घरी आत्याने चहा दुसऱ्यांदा गरम करायला साफ नकार दिला.

कचऱ्याच्या गाडीचं तर विचारूच नका. इंदूरमध्ये ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा द्यायचा हे आता लहान पोरालाही झोपेत विचारलं तरी सांगता येतं. फूफाजी मात्र गाडीचं गाणं ऐकू आलं की हातात एखादी संशयास्पद वस्तू घेऊन फाटकापाशी उभे राहायचे. एकदा गंजून भुगा झालेली बिजागरी होती. "हे आता लोखंड नाही," त्यांनी गाडीवरच्या बाईंना समजावलं, "इसको लोहे में मत डालिए, ये नया पदार्थ है." त्या बाईंनी क्षणभर बिजागरीकडे आणि मग फूफाजींकडे पाहिलं. "बाबूजी, गीला इधर, सूखा उधर. नया-पुराना का डिब्बा हमारे पास नहीं है." गाडी पुढे गेली. बिजागरी बरेच दिवस आत्याच्या तुळशीच्या कुंडीत पडून होती.

स्वयंपाकघर हा खरं तर आत्याचा प्रांत, पण तिथेही यांची गस्त असायची. आत्या लोणी कढवायला लागली की हे दारात उभे. "वितळलं. भौतिक. आता थांब, आता बेरी धरतेय, रंग बदलला, आता रासायनिक, बंद कर, बंद कर!" आत्या झाऱ्याने त्यांना बाजूला सारायची. "सरका हो! माझं घी मला समजतं. चाळीस सालांपासून काय ब्लॅकबोर्ड बघून बनवते का मी?" पण एक गोष्ट तिलाही कबूल करावी लागायची, ती म्हणजे फूफाजींचं नाक. रासायनिक बदलाच्या चार खुणा ते मुलांना शिकवत. रंग बदलतो, वास बदलतो, वायू सुटतो, उष्णता कमीजास्त होते. यातली दुसरी खूण म्हणजे त्यांची खास मिरास होती. व्हरांड्यात पेपर वाचता वाचता ते म्हणायचे, "शेजारच्यांचं दूध दोन मिनिटांत लागणार," आणि तिसऱ्या मिनिटाला शेजारून पातेलं आपटल्याचा आवाज यायचा. कॉलनीतल्या बायका तुपाचा डबा, पनीर, जुनं तेल घेऊन त्यांच्याकडे यायच्या. ते एकदाच हुंगायचे आणि निकाल द्यायचे. त्यावर अपील नसे.

आणि मग रविवारचा वर्ग. साडेनऊ वाजता, पोहे खाऊन झाल्यावर, कॉलनीतली चौथी-पाचवीतली दहाअकरा मुलं चपला रांगेत काढून व्हरांड्यात बसायची. फूफाजींचे वडील महूच्या छावणीत हवालदार होते, त्यामुळे चपलांची रांग वाकडी असली तर धडा सुरू होत नसे. मध्ये एक छोटा सिलिंडर, त्यावर शेगडी, शेजारी स्टीलच्या वाट्या, मीठ, साखर, लिंबू, मेणबत्ती, चुन्याची निवळी. मुलं बहुतेक हिंदीत शिकणारी, त्यामुळे फूफाजीही तसंच बोलायचे, मध्येच मराठी, मध्येच हिंदी. नियम एकच, आणि तो पोलादी. आधी वही, मग तोंड. समोर काहीही घडो, ओरडायचं नाही, बोलायचं नाही. जे दिसलं, जे ऐकू आलं, ज्याचा वास आला, ते पहिल्यांदा वहीत लिहायचं आणि सरांनी विचारल्यावरच सांगायचं. पाण्यात विरघळलेलं मीठ उकळून परत मिळवलं की मुलं श्वास रोखून लिहीत बसायची, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं की इथे कुणाची तरी शोकसभा चालू आहे. फूफाजींचा मुलगा पुण्यात, सून पुण्यात, त्यांचे फोन ठरलेल्या वेळी. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस त्या सातव्या दिवसाची तयारी करत जगायचा. आत्या म्हणायची, "संडे नसता ना, तर हे सॅटर्डेलाच आटोपले असते."

मी तुकोगंजमध्ये एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर माणसं आपापलं नाक घेऊन माझ्यासमोर रांगेत असतात, त्यामुळे नाकांबद्दल मला फारसं कौतुक उरलेलं नाही. तरीही आमच्याच घरातलं सर्वांत नावाजलेलं नाक बंद पडलं हे मला पाच महिने कळलं नाही, याची आजही लाज वाटते. जानेवारीत फूफाजींना ताप आला, सर्दी झाली, आठ दिवसांत बरी झाली. त्यानंतर ते जरा गप्प झाले एवढंच. तुपाचे डबे घेऊन येणाऱ्या बायकांना ते म्हणायला लागले, "आता तुम्हीच शिका. किती दिवस मी सांगू?" आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणूस विनम्र होतो.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटायची असते, आणि तिच्या दुधाचा निकाल द्यायचं काम वर्षानुवर्षं फूफाजींचं. त्या दिवशीही त्यांनी पातेल्यावर वाकून मोठा श्वास घेतला, डोळे मिटले, आणि "उत्तम," म्हणाले. दूध तापलं आणि सगळंच्या सगळं फाटलं. विहारातली मंडळी दूधवाल्यावर घसरली. फूफाजी एका बाजूला उभे राहून फाटलेल्या दुधाकडे बघत होते. कुणी त्यांना काही विचारलं नाही, आणि हा रासायनिक बदल आहे असं त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कळलं ते जूनमधल्या एका रविवारी. आईने आत्यासाठी दिलेली लोणच्याची बरणी घेऊन मी फाटक उघडलं आणि जागच्या जागी थांबले. गॅसचा वास येत होता, चांगला भसकन. व्हरांड्यात अकरा मुलं माना खाली घालून भराभर लिहीत होती. फूफाजी साखर म्हणजे नेमकं काय हे समजावत होते. शेगडीचं बटण त्यांनी फिरवलं होतं, मग लायटर सापडेना म्हणून शोधता शोधता बोलायला सुरुवात केली होती आणि बोलण्यात रंगले होते. मी पाहिलं तेव्हा लायटर सापडला होता. तो त्यांच्या उजव्या हातात होता आणि अंगठा त्यावर होता.

मी किंचाळले. बरणी फुटली. सिलिंडर बंद केला, मुलांना रस्त्यावर काढलं, चपलांची रांग पहिल्यांदाच मोडली. कुणाला काही झालं नाही. व्हरांडा उघडा होता, वारा होता. नंतर मी एका मुलीला विचारलं, "बेटा, तुम लोगों को बास नहीं आई?" तिने मोठ्या अभिमानाने वही पुढे केली. तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "तेज़ गंध आई. रासायनिक परिवर्तन." मी बाकीच्या वह्या बघितल्या. अकराच्या अकरा वह्यांत हेच होतं. सरांचा नियम मुलांनी एवढा काटेकोर पाळला होता की प्राण गेले असते तरी आधी वहीत नोंद झाली असती.

फूफाजींनी एक वही हातात घेतली. चेहरा पांढरा पडला होता, पण शिक्षकाचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. "गलत," ते हळू आवाजात म्हणाले, "गॅस फक्त बाहेर आला. जळला नाही. भौतिक आहे हे." आणि मग ते पायरीवर बसले. आत्या आतून आली होती. तिने शेगडीसकट तो सिलिंडर उचलला, आत नेला, आणि मागच्या खोलीला कुलूप घातल्याचा आवाज आम्ही बाहेर ऐकला.

"जानेवारीपासून वास येत नाही," त्यांनी संध्याकाळी मला सांगितलं. "पण येईल. परत येणार." दुसऱ्या दिवशी मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि नेहमी सांगतात तेच सांगितलं. येऊ शकतो, थोडा येऊ शकतो, नाहीही येणार, आत्ता सांगता येत नाही. फूफाजींनी यातला पहिला भाग तेवढा ऐकला. पुण्याहून मुलाचा फोन आला, की पप्पा, बस झालं आता, वर्ग बंद, लोकांची मुलं आहेत. आत्याचंही तेच मत होतं. वर्ग बंद झाला. पुढचे रविवार मुलं साडेनऊला फाटकाशी यायची, फूफाजी व्हरांड्यातूनच हात हलवून "छुट्टी" म्हणायचे, आणि मुलं परत जायची. तिसऱ्या रविवारी चारच आली.

फूफाजींनी मात्र आपलं प्रॅक्टिकल चालू ठेवलं, स्वतःवर. रोज सकाळी खिडकीत चार डब्या मांडायचे. हिंग, कापूर, लवंग, राईचं तेल. डोळे मिटून एकेक हुंगायची आणि वहीत लिहायचं. मी एकदा ती वही चाळली. तारखा आणि पुढे "नाही, नाही, नाही, नाही", एका रेषेत, सुंदर अक्षरात. मी क्लिनिकमध्ये असे रुग्ण बघते आणि त्यांना पुढची तारीख देते. त्यापलीकडे आपण जाऊ नये हे मी नोकरीत शिकले आहे. पण ती वही बघून मला गलबलून आलं. मी म्हटलं, "फूफाजी, कशाला रोज रोज?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भौतिक बदल आहे हा. सर्दीने झाला. जे भौतिक, ते परत मिळतं. मी वर्ग आत्ता सोडून दिला आणि उद्या वास आला, तर? आधी वास येऊ दे, मग वर्ग. नाही आला तर मग मी…"

आत्या जमिनीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने मान वर केली नाही. "मी एक बोलू का?"

"बोल."

"इतकी सालं किचनमधून ऐकते मी तुमचं. कागज फाडला तर पोरांना काय सांगता तुम्ही?"

"भौतिक बदल," फूफाजी तत्काळ म्हणाले. पस्तीस वर्षांची सवय.

"का बरं? परत येतो का तो? चिकटवला तरी पहिल्यासारखा होतो का?"

फूफाजी थांबले. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पाचवीच्या मुलांना दरवर्षी ज्या प्रश्नावर ते बरोबर अडकवायचे, तो हाच प्रश्न. फक्त जानेवारीपासून त्यांना तो आठवला नव्हता.

"नाही येत परत," ते म्हणाले.

"मग?"

"पदार्थ तोच राहतो. कागद कागदच असतो. नवं काही बनत नाही, म्हणून भौतिक."

"बस. मग झालं तर." आत्याने शेंगा परातीत टाकल्या. "नाही आला वास, तर नाही आला. बाकी तर तुम्ही सेम आहात. तेवढंच डोकं खाता. बदललं काय? सांगा ना, बदललं काय?" मग जरा वेळाने, पुन्हा शेंगांकडे बघत, ती म्हणाली, "गॅस मी पेटवीन. लायटर माझ्याकडे राहील. आणि वासाचं मी सांगत जाईन. पोरांना बोलवा तुम्ही, घरात बसून परेशान करू नका मला."

फूफाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी उठून चहा ठेवायला गेले, कारण तिथे थांबणं मला जमलं नसतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्या रविवारी सात मुलं होती, आणि नियमात एक दुरुस्ती झाली होती. गॅसचा वास आला तर वही फेकायची आणि ओरडायचं. हे वाक्य मुलांकडून तीनदा म्हणून घेतलं गेलं, आणि तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात ओरडली की समोरचे भिया धावत आले. आत्या शेगडीपाशी स्टुलावर बसली होती, पदर खोचून, कपाळाला आठ्या घालून. लायटर कमरेला. वाटीत साखर होती. तिने गॅस पेटवला. साखर आधी वितळली, मग सोनेरी झाली, मग तांबूस. फूफाजी रंग सांगत होते, धूर सांगत होते, आणि मग त्यांनी थांबून तिच्याकडे बघितलं.

"वास?"

"आला," आत्या म्हणाली.

"कसा?"

आत्या गडबडली. वास आला की आला, तो कसा हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तिने पुन्हा हुंगलं. "गोड. नाही, गोड नाही. कडू. जळल्यासारखा." मुलं वाट बघत होती. फूफाजींच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, ते नुसते मान हलवत राहिले, आणि ते नुसतं मान हलवणं तिला दिसलं.

"अहो," ती जरा आवाज उतरवून म्हणाली, "महूची आपली खोली. लग्न होऊन चार दिवस झाले होते. तुम्ही पहिल्यांदा माझ्यासाठी चाय केली, पातेल्यात साखर टाकली आणि पाणी टाकायचं विसरून मला काहीतरी शिकवत बसले. तसा."

फूफाजींनी डोळे मिटले. वाटीतून धूर निघत होता, मुलं गप्प होती, आणि त्यांनी एक लांब श्वास आत घेतला, अगदी तळापर्यंत.

"हां," ते म्हणाले. "आला."

मी पायरीवर उभी होते. त्या दोघांचा मला फार हेवा वाटला.